पडद्यावरील मल्ल आणि घरचे न्यायाधीश

मुलाच्या हातातील खेळाकडे बोट दाखवून ‘पिढी बिघडली’ असा निकाल देणे, हे हल्ली सुशिक्षित गृहस्थाचे एक लक्षण होऊन बसले आहे. ज्यास ह्या निकालावर सही करावयाची नसेल त्याने चहाच्या पेल्यात तोंड घालून स्वस्थ बसावे, अशी आमच्या बैठकांची रीत. गेल्या उन्हाळ्यात लातुरास एका स्नेह्यांच्या घरी आम्ही ही रीत इमानाने पाळली, आणि तेव्हापासून मनास जी रुखरुख लागून राहिली आहे तिच्यापोटी हा लेख लिहीत आहोत.

प्रसंग अगदी साधा. स्नेह्यांचा बारा वर्षांचा नातू कोपऱ्यात बसून पडद्यावरील एका झुंजीत गढून गेला होता. निळ्या अंगाचा, कोल्ह्याच्या तोंडाचा, दोन पायांवर पवित्रा घेऊन उभा राहिलेला एक प्राणी दुसऱ्या कोणा प्राण्यास तळहाताने रेटीत होता. बैठकीत एक निवृत्त मुख्याध्यापक होते, एक डॉक्टर होते, एक वकील होते. तो प्राणी परकीय, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. तो मारामारी शिकवितो, असे डॉक्टरांनी. आणि तो अभ्यासाचा काळ आहे, ह्यावर सर्वांचेच एकमत झाले. वकीलसाहेबांनी तेवढा निराळा सूर लावला. ‘ह्यात नवे ते काय? आमच्या नरसिंहाची ही नक्कल,’ असे म्हणून त्यांनी आरोपीस चोरही ठरविले. पोरास काही विचारावे असे कोणाच्याही मनात आले नाही. आम्ही विचारले, पण मंडळी उठून गेल्यावर. आमच्या धैर्याची धाव तेवढीच. त्याने जे सांगितले आणि पुढे आम्ही स्वतः जे पडताळून पाहिले, ते आधी वाचकांपुढे ठेवितो.

आरोपीचे नाव लुकारिओ. जन्म जपानातला. ‘पोकेमॉन’ ह्या नावाने जी एक अफाट प्राणिसृष्टी तेथे 1996 साली निर्माण झाली, तिच्यातील हा एक जीव. 2005 सालच्या एका चित्रपटातून तो लोकांपुढे आला व 2006 साली ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ ह्या खेळांतून मुलांच्या हाती पडला. निव्वळ झुंजीच्या खेळांत तो उतरला तो 2008 साली, ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’मध्ये, पुढे 2015 साली जपानच्या खेळघरांत ‘पोकेन टूर्नामेंट’ नावाचा जो खेळ आला त्यातही तो आहे. ह्या सृष्टीतील प्रत्येक प्राण्याचा धर्म ठरलेला असतो: कोणाचा अग्नी, कोणाचा जल. लुकारिओचे धर्म दोन, झुंज आणि पोलाद. सजीवांच्या अंगातून एक लहर निघत असते, ती त्यास डोळे मिटूनही कळते, आणि तीच तो तळहातात गोळा करून प्रतिपक्षावर फेकितो.

इतके ऐकून वाचक म्हणतील, ठीक आहे, पोरखेळ आहे. आम्हीही तसेच म्हणालो होतो. परंतु त्या मुलाने पुढे दोन गोष्टी सांगितल्या आणि आम्ही सावरून बसलो. पहिली अशी की, लुकारिओचे बाळरूप रिओलू. ह्या सृष्टीतील बहुतेक प्राणी पुरेशा लढती खेळून बळ वाढले की आपोआप मोठे रूप घेतात. रिओलूचे तसे नाही. आपल्या धन्याशी त्याचा जिव्हाळा पुरता जडल्याखेरीज तो लुकारिओ होत नाही, आणि तोही दिवसाउजेडीच होतो, रात्री नाही. दुसरी गोष्ट ‘ब्रॉल’ खेळातली. तेथे इतर योद्धे मार खाऊन खिळखिळे होतात. लुकारिओही होतो, पण जितका मार अधिक खावा तितका त्याचा प्रहार जड होत जातो. मुलाचे शब्द असे: “तो हरायला लागला ना, की खरा खेळायला लागतो.”

गुरूचे प्रेम लाभल्यावाचून पट्ठा मल्ल होत नाही, आणि पाठीला माती लागल्यावाचून तो पक्का होत नाही. आमच्या आखाड्यांत हीच दोन सूत्रे नव्हेत काय? ज्या तीन विद्वानांनी लुकारिओस शिक्षा ठोठावली त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून ही सूत्रे त्या मुलाने कधी ऐकली नव्हती. ती त्यास एका जपानी कोल्ह्याने शिकविली, ह्याची लाज कोल्ह्यास वाटावी की आम्हांस?

परकीयतेचा आरोप आम्ही फार वेळ चघळणार नाही. मुख्याध्यापक महाशय पायजम्यावर जो शर्ट घालून बसले होते तो कोणत्या वेदात सांगितला आहे हे विचारणे सभ्यपणाचे झाले नसते. शिवाय जपान्यांनी हे प्राणी हवेतून काढले नाहीत. ह्याच सृष्टीत लाथा मारणारा एक व ठोसे मारणारा एक अशी जोडी आहे. त्यांची जपानी नावे तादाशी सावामुरा हा किकबॉक्सर व हिरोयुकी एबिहारा हा मुष्टियोद्धा ह्यांच्यावरून घेतली आहेत. इंग्रजी आवृत्ती निघाली तेव्हा त्याच दोघांचे बारसे ब्रूस ली आणि जॅकी चॅन ह्यांच्यावरून झाले. म्हणजे आपल्या खऱ्या मल्लांची याद त्या लोकांनी मुलांच्या खेळण्यात गोवून ठेविली. आमच्या बिराजदार पहिलवानांच्या नावाचे एखादे खेळणे लातुराच्या बाजारात कोणी पाहिले आहे काय? नसेल, तर परकीयांस दोष देण्यापूर्वी घरचा कोनाडा तपासावा.

वकीलसाहेबांचा मुद्दा त्याहून घातक, कारण तो अभिमानाचे सोंग घेऊन येतो. पशू आणि मल्ल ह्यांचा संयोग आमच्याकडे प्राचीन आहे, ही गोष्ट खोटी नाही. भारतीय मल्लविद्येच्या चार परंपरा सांगतात: भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. चारांपैकी दोन वानराच्या आणि अस्वलाच्या नावाने चालतात! जांबवंताशी श्रीकृष्णाचे द्वंद्व भागवतात अठ्ठावीस दिवस चालले आहे. तालीम म्हटली की तेथे मारुती आलाच, आणि गावोगाव तो बसविण्याची प्रेरणा ज्यांच्याकडे लोक मानतात ते समर्थ तर आमच्याच मराठवाड्यातील जांबचे. लातूरच्या सीमेपलीकडे बसवकल्याण आहे. तेच चालुक्यांचे कल्याण. तेथे बाराव्या शतकात सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ रचिला. त्यात मल्लविनोद म्हणून एक प्रकरण असून मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार व सराव ह्यांची तपशिलाने चर्चा आहे. आणि त्याच ग्रंथात कोंबड्यांच्या, लाव्यांच्या, एडक्यांच्या व रेड्यांच्या झुंजीही वर्णिल्या आहेत. मल्लाची विद्या आणि पशूची झुंज हे दोन्ही विनोद एकत्र कालविले की आजचा हा जपानी खेळ तयार होतो, असे म्हणावयास हरकत नाही. नांदेड जिल्ह्यातील माळेगावास तर दरसाल मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. तेथे देवाच्या पायाशी कुत्रा आहे. एका कथेत दैत्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडून नवा दैत्य उठू नये म्हणून तो थेंब ह्याच कुत्र्याने झेलिला. त्या देवाचे वाघे स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. आणि त्याच यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो. युद्धात धन्याची बाजू राखणारा कुत्रा शोधावयास जपानला जावे लागत नाही, हे खरे.

पण पुढे काय? ‘आमच्यात होते’ ह्या दोन शब्दांवर आम्ही किती दिवस काढणार? वकीलसाहेबांस आम्ही त्याच दिवशी विचारले असते, तर ‘जांबुवंती’ म्हणजे काय हे त्यांस सांगता आले नसते. आणि खरे बोलावयाचे तर आम्हांसही ते घरी येऊन पुस्तकात पाहावे लागले. ज्यांनी आपला वारसा फडताळात ठेवून किल्ली हरविली, त्यांनी दुसऱ्याच्या उघड्या दुकानावर चोरीचा आळ घेऊ नये. आम्ही आपला मल्ल जगापुढे मांडिला नाही, त्याचे फळही आम्हांस मिळालेच आहे. 1991 साली ‘स्ट्रीट फायटर’ ह्या जपानी खेळाच्या दुसऱ्या भागात हिंदुस्थानचा म्हणून जो योद्धा उभा केला, त्याच्या गळ्यात कवट्यांची माळ आहे, हातपाय रबरासारखे लांबतात, आणि तोंडातून आग निघते. त्याचे नाव धालसिम. आमच्या देशात लाल मातीचे हौद आहेत हे त्या चित्रकारांस कोणी सांगावे? आम्ही तर ते आपल्या मुलांसही सांगितले नाही.

हिंसेच्या आरोपाविषयी एवढेच म्हणतो की, डॉक्टरांनी तो खेळ पाहिला नव्हता. पोकेमॉनच्या झुंजीत हरलेला प्राणी मूर्च्छा येऊन पडतो व उपचार करून पुन्हा उभा राहतो. त्याच खोलीतील दूरचित्रवाणीवर वृत्तनिवेदक ज्या आवेशाने एकमेकांवर तुटून पडत होते, त्यापुढे लुकारिओ हा मोठा संयमी वाटला.

आता राहिला अभ्यास. येथे मात्र आम्हांस थांबून सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ह्या आरोपात आरोपी आणि फिर्यादी ह्यांच्या जागा बदलल्या आहेत.

लातूरची कीर्ती आज कशासाठी आहे हे सांगावयास नकोच. बारावीच्या गुणवत्ता यादीत येथील महाविद्यालयांनी एके काळी जी मजल मारली तिच्यामुळे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दच भाषेत रूढ झाला. त्या यशामागे शिक्षकांचे कष्ट होते, खेड्यापाड्यांतील मुलांची जिद्द होती. ते नाकारणारा कृतघ्न होय. शेतकऱ्याची मुलगी डॉक्टर झाली, हे ह्याच गावाने करून दाखविले. परंतु पुढे त्या यशाचा एक कारखाना झाला. आज ह्या शहरात एक सबंध वस्ती ‘ट्यूशन एरिया’ ह्याच नावाने ओळखली जाते. तेथे दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले येतात, खाटेएवढ्या खोल्यांत राहतात, पहाटे शिकवणीस बसतात आणि रात्री चाचणी देतात. नांदेडासही आता हेच चित्र आहे. मुलाच्या वेळापत्रकात भौतिकशास्त्र आहे, रसायन आहे, जीवशास्त्र आहे. त्या जीवशास्त्रातील शरीरास मात्र दिवसाच्या चोवीस तासांत अर्ध्या तासाचीही जागा नाही. स्नायूंची नावे पाठ, स्नायू नाहीत.

असे मूल रात्री दहा वाजता पडद्यावर एका मल्लास नाचविते तेव्हा ते काय करीत असते? आमच्या मते ते उपाशी माणसाप्रमाणे मिठाईच्या दुकानाच्या काचेस नाक लावून उभे असते. त्यास धावावयाचे आहे, कोणास तरी धरावयाचे आहे, पडावयाचे आहे, उठावयाचे आहे. हे सारे त्याच्यापासून कोणी काढून घेतले? लुकारिओने? लुकारिओ तर नंतर आला. मैदानाच्या जागी इमारत आली, संध्याकाळच्या जागी शिकवणी आली, आणि मग जी रिकामी जागा उरली तीत तो शिरला.

ह्या विपर्यासाचे एक उदाहरण पाहा. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड ह्या गावचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, आणि तेही लातुरातच भरलेल्या स्पर्धेत. पुढे वस्ताद म्हणून त्यांनी नाव मिळविले ते पुण्याच्या तालमीत. अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार हेही लातूर जिल्ह्याचेच. त्यांचे कुस्तीचे केंद्र पुण्यास कात्रजला. ह्या दोघांच्या हाताखाली तयार झालेला बीड जिल्ह्यातील राहुल आवारे 2018 साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक व 2019 साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला. मराठवाड्याचा हा पोरगाही पुण्याच्याच मातीत घडला. म्हणजे असे की, महाराष्ट्रभरची मुले बाकावर बसण्यासाठी लातुरास येतात, आणि लातूरच्या ज्या मुलास उभे राहावयाचे असेल त्याने पुण्याची गाडी धरावी!

आणि ही माती आम्हांस फुकट मिळालेली नव्हती. निजामी अमलात आखाडा म्हणजे संशयाची जागा. 1938-39 साली आर्यसमाजाने हैदराबाद संस्थानात जो सत्याग्रह केला त्याच्या गाऱ्हाण्यांत आखाड्यांवरील बंधनांचेही गाऱ्हाणे होते. उदगीर, लातूर ह्या भागांतील किती घरांचे वाडवडील त्या सत्याग्रहाची आठवण सांगत असत! सरकारने बंद करावयास पाहिलेला आखाडा आजोबांनी टिकविला. नातवाच्या बापाने तो कोणतेही फर्मान नसताना ओस पाडिला. त्याच सुमारास बडोद्याहून द. चिं. मुजुमदार ह्यांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश काढिला. पहिला खंड 1936 साली निघाला, काम 1949 साली पुरे झाले. तो विकत घेणारा वाचक आमच्यासारखाच पांढरपेशा होता. आज त्या फडताळात प्रश्नपेढ्या आहेत.

पांढरपेशा वर्गाची जीभ येथे उघडी पडते. ‘पहिलवानाची अक्कल गुडघ्यात’ ही म्हण आमच्याच घरांत चालते. मुलगा जाडा झाला की आम्ही त्यास ‘पहिलवान’ म्हणून हसतो आणि खरा पहिलवान दारी आला की त्यास ओटीवर बसवितो. हलगीच्या नादात, ताक, तेल आणि हळद कालवून मळलेल्या त्या मातीत उतरणारी पोरे कोणाची? शेतकऱ्याची, धनगराची, हमालाची. त्यांच्याशी अंगाला अंग लावून आमच्या मुलाने झोंबावे, हे आम्हांस मनातून पटत नाही. तोंडाने आम्ही ‘दुखापत होईल हो’ असे म्हणतो. पडद्यावरील कोल्ह्याशी खेळताना जात कळत नाही, कपडे मळत नाहीत, म्हणून आम्हीच तो खेळ मुलाच्या हाती दिला. आता तोच खेळ शिव्या खातो आहे.

नांदेडास निराळे दृश्य दिसते. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेविला त्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात बाराचौदा वर्षांची शीख मुले गटका खेळताना आम्ही अनेकदा पाहिली आहेत. एका हातात लाकडी काठी, दुसऱ्यात लहानशी ढाल, आणि पायांची ती लयबद्ध फिरकी. होळीच्या आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत हीच मुले पुढे असतात. त्यांच्या घरी पडदे नाहीत काय? आहेत. त्यांतील एका मुलाने आम्हांस आपल्या फोनवर लुकारिओचे चित्र मोठ्या हौसेने दाखविले, आणि फोन खिशात टाकून पुन्हा काठी उचलली. ज्याच्या हातास काठीची सवय आहे त्यास पडद्याचे भय नाही. काठ्याच्या कडेने उभे राहून हा खेळ पाहणारे आमचे बंधू मात्र तो मोबाइलच्या डोळ्यांतूनच पाहत होते; त्यांच्या मुलांस शिकावेसे वाटले तर कोठे पाठवावे, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही.

ह्यावरून आम्ही त्या खेळाचे वकीलपत्र घेतले आहे असे कोणी समजू नये. लुकारिओत एक मोठे न्यून आहे, आणि ते त्याचा चित्रकार कितीही कुशल असला तरी भरून निघण्यासारखे नाही. मार लुकारिओ खातो, मूल खात नाही. जिव्हाळा रिओलूस जडतो. मुलाच्या खांद्यावर कोणाचा हात पडत नाही. जोडीदाराचे वजन छातीवर आले म्हणजे श्वास कसा कोंडतो, निसटण्यासाठी मान कोणत्या बाजूस वळवावी, आणि चितपट झाल्यावर ज्याने पाडले त्यानेच हात देऊन उठविले तर मनात काय होते, हे काचेच्या पलीकडून कळत नाही. आणि खेळ संपविण्याचा अधिकार तालमीत वस्तादाकडे असतो. त्या पेटीत तो कोणाकडेच नाही. पेटी विकणाऱ्याचे हित मूल बसून राहण्यात आहे. हा दोष खरा, आणि त्यावर बोलण्याचा आम्हांस हक्कही आहे. पण मुलास दुसरे काही देणाऱ्यासच तो हक्क पोहोचतो.

ह्या महाशिवरात्रीस आम्ही त्या नातवास, आणि स्नेह्यांच्या आग्रहावरून त्याच्या थोरल्या बहिणीस, सिद्धेश्वराच्या यात्रेतील कुस्त्यांच्या फडास घेऊन गेलो. ही बहीण त्या उन्हाळ्याच्या बैठकीत कोणास दिसली नव्हती, कारण ती आतल्या खोलीत दार लावून नीटच्या परीक्षेची तयारी करीत होती. लुकारिओचे सारे डाव भावास तिनेच शिकविले, हे आम्हांस त्या दिवशी समजले. दोन कोवळ्या पोरांची जोड लागली होती. शड्डू ठोकले गेले, हलगी चढली, आणि पाहता पाहता एकाने दुसऱ्यास ढाक मारून आकाश दाखविले. पडलेला पोरगा उठला, जिंकणाऱ्याने त्याच्या पाठीवरची माती झाडली, आणि दोघे मिळून पंचाच्या पाया पडले. नातू इतका वेळ गप्प होता. त्याने शेजारी बसलेल्या एका वृद्ध वस्तादांस भीत भीत विचारले, “आजोबा, हा हरला ना? मग ह्याला पुन्हा कधी खेळायला मिळणार?”

“उद्या पहाटंच की,” वस्ताद म्हणाले. “पाचला तालमीत येतोय त्यो. तू बी ये.”

नातवाने बहिणीकडे पाहिले. तिने बोटांवर काहीसा हिशेब केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “पाच ते सात आपली शिकवणी असते.”